मदतीला आलेली फौज

उमरेडच्या किल्ल्याची कुळी देवगडच्या गोंड राजांपर्यंत जाते. सतराव्या शतकाच्या अखेरीस बख्त बुलंद शाहने चिमूरहून आलेल्या मुनाजी पंडितांना हा जंगलाचा मुलूख लागवडीला आणण्याची सनद दिली. त्यातून गाव वसले, किल्ला उभा राहिला. पुढे कोष्ट्यांनी इथे माग मांडले आणि रेशीमकाठी धोतरांनी उमरेडचे नाव दूरच्या बाजारांत पोहोचवले. गाव वसल्यानंतरच्या दीडशे वर्षांत त्याचा धनी दोनदा बदलला. दोन्ही वेळा सुरुवात स्वारीने झाली नाही. दरबारातल्या कुणीतरी बाहेरच्याकडे फौज मागितली, ती आली, आणि मग ती परत गेली नाही.

युद्धात सापडलेल्या राज्याला दुसऱ्याने सैन्य, शस्त्रे किंवा पैसा द्यायचा, ही रीत जुनी आहे. ती मदत मंजूर कोण करतो, कुणाच्या नावाने मागितली जाते आणि तिचा खर्च कुणाच्या घरातून निघतो, हे प्रश्नही तितकेच जुने आहेत. नागपूरच्या मुलखाने या रीतीची सगळी रूपे सोसली, म्हणून तिची कुळकथा इथून सांगणे योग्य.

पहिला प्रसंग 1739 चा. देवगडचा राजा चांद सुलतान वारला आणि बख्त बुलंदचा अनौरस मुलगा वली शाह गादी बळकावून बसला. चांद सुलतानच्या विधवा राणीला आपल्या मुलांचा हक्क राखायचा होता. तिने वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना बोलावले. रघूजी आले, वली शाहला कैद केले, बुऱ्हाण शाह आणि अकबर शाह या दोघा भावांना गादीवर बसवले, मोठा मोबदला घेतला आणि वऱ्हाडात परतले. इथपर्यंत सारे बोलीप्रमाणे झाले. पण चार वर्षांत भावाभावांत फाटले आणि बुऱ्हाण शाहने पुन्हा रघूजींकडे धाव घेतली. या खेपेला रघूजी परतले नाहीत. अकबर शाह परागंदा झाला, बुऱ्हाण शाहला मान आणि नेमणूक राहिली, कारभार भोसल्यांकडे गेला. नागपूर ही भोसल्यांची राजधानी झाली आणि उमरेड त्यांच्या राज्यात आले. मराठी वाचकाने हे स्पष्टपणे मान्य करावे: पुढे इंग्रजांनी भोसल्यांशी जे केले, त्याची पहिली आवृत्ती भोसल्यांनी गोंड राजांच्या घरात काढली होती. फरक होता तो कागदाचा. रघूजींनी हे तलवारीच्या आणि प्रसंगाच्या जोरावर केले. इंग्रजांनी त्याचा छापील मसुदा बनवला.

त्या मसुद्याची सुरुवात दक्षिणेत झाली. 1749 नंतर कर्नाटकच्या नवाबपदाच्या भांडणात फ्रेंच गव्हर्नर डुप्लेने चंदासाहेबाच्या बाजूने कवायती पलटणी उतरवल्या, इंग्रजांनी महंमद अलीच्या बाजूने. नवाबाला फौज मिळाली आणि फौजेच्या खर्चापोटी कर्जाचा डोंगर मिळाला. या अनुभवातून गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्लीने पक्की पद्धत बसवली. 1798 मध्ये हैदराबादच्या निजामाने आपल्या फ्रेंच अधिकाऱ्यांच्या पलटणी मोडल्या आणि ईस्ट इंडिया कंपनीची तैनाती फौज, म्हणजे आपल्या खर्चाने आपल्याच राज्यात राहणारी कंपनीची फौज, पत्करली. रोख रक्कम थकते म्हणून 1800 मध्ये तिच्याबदली मुलूखच लिहून घेतला. 1801 मध्ये अयोध्येच्या नवाबाचे जवळजवळ अर्धे राज्य याच हिशेबात गेले. 31 डिसेंबर 1802 ला वसईत दुसऱ्या बाजीरावाने सही केली: सहा पलटणी, आणि त्यांच्या खर्चासाठी 26 लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख. प्रत्येक तहात एक कलम ठरलेले असे. मदत घेणाऱ्याने इतर कोणत्याही राज्याशी कंपनीला विचारल्याशिवाय बोलायचे नाही. परराष्ट्र संबंध ज्याच्या हातात, राज्य त्याच्या हातात, हे वेलस्लीला नेमके कळले होते.

नागपूरचे दुसरे रघूजी यांनाही ते कळले होते. 29 नोव्हेंबर 1803 ला अडगावला त्यांचा पराभव झाला, पुढच्या महिन्यात गाविलगड पडला आणि 17 डिसेंबरला देवगावच्या तहाने कटक आणि वर्धा नदीपलीकडचा मुलूख गेला. एवढे गमावून त्यांनी कंपनीचा दरबारातला प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, ठेवून घेतला, तैनाती फौज मात्र घेतली नाही. प्रथम एल्फिन्स्टन आणि त्यानंतर रिचर्ड जेंकिन्स नागपुरात बसून ती गळी उतरवण्याचा प्रयत्न करत राहिले. हा राजा मरेपर्यंत बधला नाही.

1809 मध्ये त्यांच्या निर्धाराची कसोटी लागली. अमीरखानाने होळकरांच्या नावाने जुनी मागणी काढून नागपूरच्या मुलखावर चाल केली. कंपनीचा नागपूरशी संरक्षणाचा करार नव्हता. ब्रिटिश संसदेच्या 1784 च्या कायद्याने गव्हर्नर जनरलला लंडनच्या परवानगीशिवाय अशी युद्धे आणि हमीचे तह करण्यास आडकाठी घातली होती. लॉर्ड मिंटो तर अलिप्ततेचे धोरण सांगतच आलेला. तरीही त्याने कर्नल बॅरी क्लोजला फौज घेऊन निघायला सांगितले आणि मोबदला मागितला नाही. त्याची मांडणी अशी होती की प्रश्न नागपूरच्या राजाला मदत करावी की नाही एवढाच नाही. निजामाच्या सीमेला लागून असलेल्या राज्यात एक महत्त्वाकांक्षी सरदार बसू द्यायचा का, हा आहे. आजही शेजारच्या युद्धात शस्त्रे पाठवणारी सरकारे हाच युक्तिवाद करतात. क्लोजची फौज अमीरखानाच्या सिरोंजपर्यंत गेली आणि परतली. तिच्या अगोदर रघूजींचा सरदार सादिक अली खान याने अमीरखानाला जबलपूरच्या बाजूला झुंज दिली होती. रघूजींनी आभार मानले आणि तहावर सही केली नाही.

22 मार्च 1816 ला ते वारले. इथून पुढचे तीन महिने नागपूरच्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचे आहेत आणि शाळेच्या पुस्तकात त्यांना एक ओळही मिळत नाही.

गादीवर आले त्यांचे पुत्र परसोजी. ते दृष्टीने अधू, शरीराने पंगू आणि कारभाराला असमर्थ होते. दरबारात दोन तट पडले. एकीकडे रघूजींची राणी बाकाबाई आणि खजिना सांभाळणारा धर्माजी भोसले. दुसरीकडे रघूजींचे पुतणे आप्पासाहेब. आप्पासाहेबांनी धर्माजीला कैद केले आणि एप्रिलमध्ये मुखत्यार झाले. धर्माजी पुढे मारला गेला. पण मुखत्यारी टिकवायची तर पाठीशी असे बळ हवे होते, जे दरबारातल्या कुणाच्याही हाताबाहेरचे असेल. ते बळ जेंकिन्सकडे होते.

नागपूर त्या वेळी पेंढाऱ्यांच्या धाडींनी त्रस्त होते, आणि मदतीचे जाहीर कारण तेच दिले गेले. खरे कारण दरबारातले होते. 27 मे 1816 च्या रात्री, विरुद्ध तटाला सुगावा लागू नये म्हणून गुप्तपणे, आप्पासाहेबांनी परसोजींच्या नावाने तह केला. सहा पलटणी पायदळ आणि एक रेजिमेंट घोडदळ नागपूरच्या खर्चाने राहायचे, वर्षाला साडेसात लाख रुपये; शिवाय राज्याने स्वतःची 3,000 घोडेस्वार आणि 2,000 पायदळांची फौज कंपनीच्या कामासाठी सज्ज ठेवायची. इतर राज्यांशी परस्पर बोलणी बंद. दुसऱ्या रघूजींनी तेरा वर्षे जे दार लावून धरले होते, ते त्यांच्या मृत्यूनंतर सव्वादोन महिन्यांत उघडले.

त्या रात्री मंजुरी कुणाची होती? ज्या राजाच्या नावाने तह झाला, त्याला तो समजण्याची स्थिती नव्हती. जो सही करत होता, त्याला राज्याच्या रक्षणाहून स्वतःच्या जागेची चिंता मोठी होती. फौज देणारा लॉर्ड हेस्टिंग्ज कलकत्त्यात होता आणि लंडनहून त्याला नवे तह टाळण्याच्या सूचना येत होत्या. त्याने नागपूरची संधी आधी साधली. मार्चमध्ये गुंटूरच्या बाजूला पडलेल्या पेंढाऱ्यांच्या धाडीनंतर लंडनचा विरोध मावळला तो त्यानंतर. आणि साडेसात लाख ज्यांनी भरायचे, त्या उमरेड, भिवापूर, भंडाऱ्याच्या रयतेला, मागावर बसणाऱ्या कोष्ट्याला, धान पिकवणाऱ्या कुणब्याला कुणी विचारण्याची रीतच नव्हती. आप्पासाहेबांना इतिहासाने पुढे शूर बंडखोर म्हणून लक्षात ठेवले, आणि ते शूर होतेही. पण 27 मेची सही त्यांचीच आहे आणि तिची जबाबदारी त्यांच्यावरच राहते.

पुढचा घटनाक्रम भराभर घडला. 1 फेब्रुवारी 1817 ला परसोजी बिछान्यात मृत सापडले, आप्पासाहेब राजे झाले. आता त्यांना तैनाती फौजेची गरज उरली नव्हती, पण फौज जाणार नव्हती. 5 नोव्हेंबरला खडकीला पेशव्यांची इंग्रजांशी लढाई झाली. 24 नोव्हेंबरला आप्पासाहेबांनी पेशव्यांकडून आलेली सेनासाहेबसुभ्याची वस्त्रे आणि जरीपटका जाहीर दरबारात स्वीकारला. जेंकिन्स गेला नाही. मदतीच्या फौजेचा मोठा भाग पेंढाऱ्यांसाठी नर्मदेकडे गेलेला होता. 26 आणि 27 नोव्हेंबरला सीताबर्डीच्या टेकड्यांवर लेफ्टनंट कर्नल स्कॉटच्या सुमारे 1,400 माणसांनी नागपूरच्या अठरा हजारांच्या आसपासच्या सैन्याला रोखले. कॅप्टन फिट्झगेराल्डच्या घोडदळाच्या हल्ल्याने पारडे फिरले. राज्याच्या रक्षणासाठी, राज्याच्या पैशाने आलेली फौज राज्याच्याच सैन्यावर बंदुका झाडत होती. 16 डिसेंबरला कंपनीच्या जनरल डव्हटनने नागपूर घेतले.

6 जानेवारी 1818 च्या करारात रोख रकमेऐवजी मुलूख गेला: सागर, नर्मदेपलीकडचा भाग, गाविलगड. मार्चमध्ये आप्पासाहेबांना अटक झाली. प्रयागकडे नेताना ते निसटले, महादेवाच्या डोंगरांत गोंडांच्या आश्रयाने लढले आणि अखेर 1840 मध्ये जोधपूरला वारले. ज्या गोंडांचे राज्य भोसल्यांनी मदतीच्या नावाखाली घेतले होते, त्यांनीच शेवटच्या झुंजार भोसल्याला आसरा दिला, ही गोष्ट विदर्भाने विसरू नये.

गादीवर बालक रघूजी तिसरे आले, कारभार 1826 पर्यंत जेंकिन्सकडे राहिला. 11 डिसेंबर 1853 ला रघूजी निपुत्रिक वारले आणि 1854 मध्ये डलहौसीने राज्य खालसा केले. त्याच्या टिपणात इथल्या कापसाचा लाभ स्पष्ट मांडलेला आहे. कौन्सिलातल्या कर्नल जॉन लो याने लेखी विरोध नोंदवला. तो मानला गेला नाही, पण नोंद राहिली म्हणूनच आज आपल्याला कळते की त्या टेबलावरही एक माणूस ‘नको’ म्हणाला होता.

लेखी विरोधाची, जाहीर मोजणीची ही जागा पुढे लोकशाही देशांत वाढली. 11 मार्च 1941 ला अमेरिकेने उधार-पट्ट्याचा कायदा केला तो काँग्रेसमध्ये कडाक्याचा वाद होऊन. युक्रेनसाठीची सुमारे 61 अब्ज डॉलर्सची मदत ऑक्टोबर 2023 पासून सहा महिने अडून राहिली. सीमेवरच्या स्थलांतरितांचा प्रश्न, रिपब्लिकन पक्षातली फूट, निवडणुकीचे गणित, सगळे त्यात मिसळले. 20 एप्रिल 2024 ला प्रतिनिधीगृहात 311 विरुद्ध 112 मतांनी ती मंजूर झाली. त्या विलंबाची किंमत युक्रेनच्या सैनिकांनी मोजली, हे खरे. तरी कोणत्या प्रतिनिधीने काय मत दिले, हे त्याच्या प्रत्येक मतदाराला पाहता येते.

आपल्याकडे तसे नाही, आणि हा प्रश्न आता नागपूरच्या दाराशी आहे. 2021 मध्ये स्थापन झालेल्या सरकारी यंत्र इंडिया लिमिटेडचे मुख्यालय उमरेडपासून तासाभराच्या वाटेवर, अंबाझरीला आहे. तोफगोळ्यांची कवचे हे तिचे काम. सप्टेंबर 2024 मध्ये रॉयटर्सने बातमी दिली की भारतात बनलेला दारूगोळा युरोपीय खरेदीदारांमार्फत युक्रेनला पोहोचला. तिच्यात या कंपनीचे नाव होते. परराष्ट्र मंत्रालयाने बातमी अंदाजी आणि दिशाभूल करणारी ठरवली. त्याच महिन्यात इस्रायलला होणारी शस्त्रनिर्यात थांबवण्याची याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. परराष्ट्र धोरण हे न्यायालयाचे क्षेत्र नाही, असे कारण दिले. 2023-24 मध्ये देशाची संरक्षण निर्यात 21,083 कोटी रुपयांवर गेली. तिचे परवाने मंत्रालयात मिळतात. एखाद्या युद्धात गोळे पाठवावेत की नाही, यावर संसदेत मतदान घेण्याची सक्ती करणारा कायदा भारतात नाही.

विदर्भातल्या कारखान्यांना काम मिळावे, मित्रदेशांना संकटात मदत मिळावी, यात गैर काही नाही. पण त्या मदतीची मंजुरी संसदेत, नावानिशी झाली पाहिजे, आणि माल शेवटी कुणाच्या तोफेत जातो याचा हिशेब संसदीय समितीपुढे आला पाहिजे. उमरेड रामटेक लोकसभा मतदारसंघात येते. तिथल्या मतदारांनी आपल्या खासदाराला हा कायदा मागायला लावावे.