उचल घेतलेली लेखणी

दसरा उलटला की घनसावंगी, अंबड, मंठा या पट्ट्यातल्या वस्त्या-तांड्यांवरून ट्रॅक्टर निघतात. ट्रॉलीत भांडीकुंडी, शेळी, पोरं आणि कोयते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असा ऊसतोडीचा हिशोब. या जोडीनं मुकादमाकडून उचल घेतलेली असते ती पावसाळ्यातच, आणि पोरीच्या लग्नात, दवाखान्यात नाहीतर खता-बियाण्यात ती संपलेलीही असते. ज्या उसाला अजून हात लागायचा आहे, त्याची मजुरी आधीच खाऊन झालेली असते. मग हंगामभर फेडत राहायचं.

मराठी करमणुकीच्या धंद्यातही ही रीत जुनी आहे. तमाशाचा कलावंत हंगामाआधी फडमालकाकडून उचल घेतो आणि यात्रा संपेपर्यंत त्या फडाला बांधला जातो. सिनेमात आणि मालिकांत तिला साइनिंग म्हणतात. मी ती २०१२ साली घेतली. गाव माझं घनसावंगी तालुक्यातलं, बाजार कुंभार पिंपळगावचा, आणि पोट मुंबईत मालिकांची पटकथा लिहिण्यावर. त्या उचलीपायी एक नाटक लिहायचं राहिलं. त्याची सल मनातून जात नाही, म्हणून माझ्या आधी या वाटेनं गेलेल्यांनी काय केलं ते मी शोधत आलो आहे.

पठ्ठे बापूराव आठवतात सगळ्यात आधी. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुळकर्णी, जन्म १८६६चा. घरचं कुळकर्णपण, म्हणजे पिढीजात पोटाची सोय, ती टाकून ते तमाशात गेले. त्यांचा व्यवहार माझ्या उलटा होता: सुरक्षित पैसा सोडून हवं ते लिहिलं, आणि १९४५ साली हलाखीत गेले. आमच्याकडे कोणी पोरगा लिहायला लागला की वडीलधारी माणसं याच शेवटाची भीती घालतात, नाव बापूरावांचं असो वा दुसऱ्या कुणाचं.

बोलपट आले आणि लेखकाला महिन्याच्या महिन्याला पगार देणारा कारखाना प्रथमच उभा राहिला. १९२९ साली कोल्हापुरात निघालेली 'प्रभात' १९३३मध्ये पुण्यात आली. तिथल्या नोकरीतल्या लेखकांनी जे केलं त्याला कमी लेखायची माझी तयारी नाही. 'संत तुकाराम' (१९३६) शिवराम वाशीकरांनी लिहिला. त्यात शांताराम आठवल्यांनी रचलेला एक अभंग असा उतरला की लोक तो तुकोबांचाच समजून गाऊ लागले. पगारी लेखकाच्या हातून एवढं होऊ शकतं. पैसा घेतला की लेखणी बाटते, असं जे सरसकट बोललं जातं ते मला म्हणूनच पटत नाही.

वि. स. खांडेकरांचं उदाहरण तर मी पुष्कळ दिवस चुकीच्या बाजूनं ऐकत होतो. सिनेमानं त्यांच्यातला कादंबरीकार अडवला, असं सांगणारे भेटतात. साल लावून पाहिलं की चित्र वेगळं दिसतं. १९२०पासून शिरोड्याच्या शाळेत शिकवणाऱ्या या मास्तरांकडून मास्टर विनायकांनी 'छाया'ची कथा घेतली. मास्टर विनायक, बाबुराव पेंढारकर आणि पांडुरंग नाईक यांच्या 'हंस पिक्चर्स'चा तो १९३६चा पहिला चित्रपट. १९३८मध्ये खांडेकर शाळा सोडून कोल्हापूरला आले. त्याच साली 'ज्वाला' पडद्यावर आला, पुढच्या साली 'देवता'. आणि याच दोन सालांत 'हिरवा चाफा', 'दोन मने', 'रिकामा देव्हारा' या कादंबऱ्या निघाल्या. १९४२ला 'क्रौंचवध'. मोठा खंड पडला तो त्यानंतर: 'अश्रू' आली १९५४ला, 'ययाति' १९५९ला. म्हणजे सिनेमाच्या ऐन धावपळीत कादंबरी थांबली नव्हती. हे कळलं तेव्हा मला फार अवघडल्यासारखं झालं, कारण 'वेळच मिळत नाही' हे माझं कारण तिथं टिकत नव्हतं.

गदिमांनी तर ते पुरतं मोडून काढलं. दीडशेच्या वर मराठी चित्रपटांसाठी लिहिणारा हा माणूस. १ एप्रिल १९५५ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवर 'गीतरामायण' सुरू झालं. आकाशवाणीच्या सीताकांत लाडांनी मागितलेलं काम, आठवड्याला एक गीत, सुधीर फडक्यांची चाल आणि ध्वनिमुद्रण ठरलेल्या वेळेला. अशी छप्पन्न गीतं. आमच्या एपिसोडला असते तशीच तलवार डोक्यावर, तरी त्यांच्या उभ्या आयुष्यातलं सगळ्यात स्वतःचं काम त्यातून झालं. मुदतीनं लेखन मरत नाही.

मग कशानं मरतं? विश्राम बेडेकरांपाशी मी जास्त थांबतो. १९३९ची 'रणांगण': युरोपातून परतणारी बोट, तिच्यावर जर्मनीतून हाकलले गेलेले ज्यू, चक्रधर आणि हॅर्टा. मराठी कादंबरी तोवर ज्या घरा-अंगणात फिरत होती तिथून ती या एका पुस्तकानं जगाच्या मधोमध नेली. दोनच वर्षांनी, १९४१ला, 'प्रभात'चा 'शेजारी' आला. तो बेडेकरांनीच लिहिलेला. पाटील आणि मिर्झा हे दोन म्हातारे मित्र, गावाजवळ बांधलं जाणारं धरण, फूट पाडणारा पैसा. धरणाच्या पाण्यावर आणि आश्वासनांवर जगणाऱ्या आमच्या भागातल्या माणसाला तो आजही अंगावर येतो. पुढं चित्रपट आले, नाटकं आली, म्हातारपणी 'एक झाड आणि दोन पक्षी' हे आत्मचरित्र आलं, त्याला १९८५चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. दुसरी कादंबरी मात्र आली नाही. त्याचं कारण फक्त सिनेमा होतं असं म्हणणं त्यांच्यावर अन्याय होईल. पण 'रणांगण' लिहिणाऱ्या माणसाची आणखी एखादी कादंबरी आपल्याला वाचायला मिळायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं, आणि ती न आल्याचं दुःख 'शेजारी' कितीही थोर असला तरी फिटत नाही.

मराठवाड्यात तर लेखकाला पगार देणारा 'प्रभात'सारखा कारखानाही नव्हता. सप्टेंबर १९४८पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात. वरचं शिक्षण उर्दूतून, मराठीची शाळा दुर्मिळ. जालना व्यापाराचं गाव. 'जालना सोने का पालना' ही म्हण इथं लहान पोरालाही ठाऊक असते. १९०० साली मनमाड-हैदराबाद रेल्वे आली, कापूस निघाला, पुढं १९६४मध्ये बद्रीनारायण बारवाल्यांनी महिको काढली आणि जालन्याचं बियाणं देशभर गेलं, मग लोखंडाच्या रोलिंग मिल आल्या. या गावात पैसा कधी परका नव्हता. लिहिणाऱ्याला मात्र गाडी पकडावीच लागे. औरंगाबादच्या 'जिगीषा' या नाट्यसंस्थेची मंडळी, प्रशांत दळवी, चंद्रकांत कुलकर्णी, अशीच मुंबईला गेली, आणि १९९१मध्ये 'चारचौघी' हे नाटक उभं करून त्यांनी आमच्या पिढीला रस्ता दाखवला. मीही परतूरला देवगिरी एक्स्प्रेस पकडली ती त्यांच्याकडे बघूनच.

मी पोचलो तोवर धंदा बदलला होता. १५ ऑगस्ट १९९९ला अल्फा मराठी सुरू झालं, मागोमाग इतर वाहिन्या आल्या, आणि रोजच्या मालिकेनं लेखकाचे तुकडे केले. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. वाहिनीकडून ट्रॅक ठरून येतो: सासूला कळणार कधी, नायिका घर सोडणार कधी. त्याची वन-लाइन करायची, ती मंजूर झाली की सीन पाडायचे. गुरुवारी टीआरपी येतो आणि सोमवारी लिहिलेलं लग्न मोडतं. शूटिंगच्या पुढं एपिसोडची बँक ठेवावी लागते. ती कधीच पुरेशी साठत नाही. पैसे एपिसोडमागे, आणि बहुतेक ठिकाणी नव्वद दिवसांनी. म्हणजे आजचं काम सोडलं तर तीन महिन्यांनी चूल विझणार, ही भीती कायम. त्यात साइनिंगची रक्कम घर भाड्यानं घेताना, डिपॉझिटलाच संपलेली. कोयत्याची जोडी मला त्या इमारतीच्या जिन्यात रोज आठवायची.

गदिमांची मुदत आणि ही मुदत यात फरक आहे, तो मला इथं कळला. त्यांना पुढचं गीत कोणतं ते माहीत होतं, राम कुठं चालला आहे ते माहीत होतं. आम्हाला पुढच्या आठवड्यात आमचं माणूस जिवंत असेल का हेही ठाऊक नसतं. स्वतःचं काही लिहायला लागणारी मनातली जागाच त्या अनिश्चिततेत भाड्यानं जाते.

आणि साल होतं २०१२. पाऊस दगा देऊन गेला. घाणेवाडीचा निजामी तलाव आटला, जायकवाडीनं तळ गाठला, जालना शहरात पाण्याची वाट किती दिवस पाहायची याला धरबंध उरला नाही. गावाकडे मोसंबी उभी वाळत होती. मोसंबीचं झाड लावल्यावर फळ धरायला पाच वर्षं घेतं. आंब्या बहारासाठी त्याला मुद्दाम ताण द्यायचा असतो, पण तो ताण माणसानं मोजून दिलेला असतो. हा मोजलेला नव्हता. लोक टँकर विकत घेऊन बागा जगवत होते, आणि पैसे संपले की मशीन लावून तोडत होते. भाऊ फोनवर म्हणाला, "निम्म्या ओळी तोडायलोत. बाकीच्या निम्म्या जगल्या तर जगल्या. तू येऊ नको, पैसे धाड." मी पैसे धाडले. टँकर आले. काही ओळी खरोखरच वाचल्या. म्हणून त्या पैशाला मी कधी वाईट म्हणणार नाही.

पण कोणत्या ओळी तोडायच्या, हे घरात बसून कसं ठरलं? वडिलांनी लावलेल्या जुन्या की भावानं कर्ज काढून लावलेल्या नव्या? आई कोणाच्या बाजूनं बोलली? हे नाटक माझ्या घरात घडत होतं आणि मी गोरेगावात एका सुनेचं मंगळसूत्र हरवत होतो. माझ्याखेरीज ते नाटक लिहू शकणारा त्या क्षणी कोणी नव्हता, आणि मी तिथं नव्हतो.

त्याच वर्षी आमच्याच तालुक्यातून दुसरंच घडलं. जांब समर्थ हे समर्थ रामदासांचं जन्मगाव, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. तिथले राजकुमार तांगडे, शेतकरी. गावातल्या वीजचोरीच्या आकड्यावर 'आकडा' हे नाटक त्यांनी आधी लिहिलं होतं. २०१२ला त्यांचं 'शिवाजी अंडरग्राऊंड इन भीमनगर मोहल्ला' आलं. दिग्दर्शन नंदू माधव यांचं, कल्पना, गीतं आणि संगीत संभाजी भगत यांचं. यम शिवाजी महाराजांना न्यायला येतो, पण त्यांचे विचार मागं राहतात, आणि मग महाराजांचा जिरेटोप घेऊन तो बसेल असं डोकं शोधत फिरतो. रंगमंचावरची पोरं बरीचशी जालना जिल्ह्यातली, शेतातून आलेली, बोली आमच्या घरातली. मुंबईच्या व्यावसायिक रंगभूमीवर ती बोली शेकडो प्रयोग वाजत राहिली. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा प्रेक्षागृहात बसून माझा ऊर भरून आला, आणि बाहेर आल्यावर कोणाशी बोलवेना.

त्याच २०१२मध्ये कॉपीराइट कायद्याची दुरुस्तीही झाली. पटकथाकाराला आपल्या लेखनाच्या रॉयल्टीचा असा हक्क मिळाला की तो करारात सोडूनही देता येत नाही. लेखकांच्या हक्कांसाठी झगडलेल्यांचे आमच्यावर उपकार आहेत. लिहिलेल्याचं मोल त्या दुरुस्तीनं राखलं; न लिहिलेल्याचं मात्र कोणता कायदा राखणार?

जांबच्या नाटकानं मला जे दाखवलं ते गावात राहावं की मुंबईत, याच्या पलीकडचं आहे. खांडेकर कोल्हापुरात राहून लिहीत राहिले, तांगडे जांबला राहून. दोघांनीही पुढचं वर्ष आधीच विकून टाकलेलं नव्हतं. मी मात्र उचल फेडायला दुसरी उचल घेत गेलो, मुकादम बदलत गेलो, आणि पैसा पुरेसा झाल्यावरही ती सवय सुटली नाही. सल आहे ती या नंतरच्या वर्षांची. दुष्काळाचं साल मी स्वतःला माफ केलं आहे, पुढची नाही.

मालिका लिहिणं मी सोडलेलं नाही. करार आला की आता मानधनाआधी तारखा वाचतो, आणि मृगापासून पोळ्यापर्यंतचे दिवस त्यातून काढून घेतो. पैसे कमी मिळतात, एकदोन कामंही गेली. नाटकाचा पहिला अंक झाला आहे. भावानं तोडलेल्या जागी पुन्हा मोसंबी लावली, ती आता धरते. दुसऱ्या अंकात घर बसतं आणि ओळी ठरवतं. त्या रात्री आई काय बोलली ते भाऊ एक सांगतो, वहिनी दुसरंच. आई नाही आता. या पोळ्याला दोघांना समोरासमोर बसवून विचारणार आहे.