गिरणीच्या दारातून आत गेलेली जात

शाळेच्या पुस्तकातला धडा आपल्या सगळ्यांना पाठ आहे. वाफेचं यंत्र आलं, कारखाने निघाले, खेड्यातली माणसं शहरात गेली, जुनी बंधनं तुटली. आपले काही डावे मित्र त्यापुढं आणखी एक वाक्य जोडतात, की कारखान्यात एकच जात, कामगाराची. मित्रांनो, हा इतिहास आपल्या बापजाद्यांच्या अंगावरून गेलेला आहे. तो आपणच तपासून घेतला पाहिजे.

आधी हे बघू, की यंत्रयुग आलंच का? अठराव्या शतकात इंग्लंडात मजुरी महाग होती, कोळसा स्वस्त होता आणि हिंदुस्थानच्या हातमागाचं कापड तिथल्या बाजारात भाव खात होतं. त्या कापडाला मागं टाकायचं, तर माणसाच्या जागी यंत्र लावणं मालकाला परवडत होतं. 1769 साली जेम्स वॅटनं वाफेच्या इंजिनातल्या सुधारणेचं पेटंट घेतलं. पुढं लँकेशायरच्या गिरण्यांची भूक वाढली, आणि त्यांना लागणारा कापूस अमेरिकेत काळे गुलाम वेचत होते. यंत्रानं माणूस मोकळा केला म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 साली गिरणीची कंपनी काढली. 1856 साली गिरणी चालू झाली. त्या काळच्या मुंबईतल्या शेटजींचा पैसा कापसाच्या आणि चीनला जाणाऱ्या अफूच्या व्यापारातून आलेला. 1853 साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, 1863 साली ती बोरघाट चढली. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पैसा झाला, कापूस झाला, बंदर झालं. राहिला माणूस. तो कुठून आला?

तो आपल्या वाड्यावस्त्यांतून आला. कोकणातून आला, साताऱ्याहून आला, आमच्या पारगावच्या भागातून, जुन्नर-आंबेगावातून आला. गावात महाराला वतन होतं. वतन म्हणजे काय? वेशीवर येसकरकी करायची, सरकारी सांगावा पुढच्या गावाला पोचवायचा, मेलेलं ढोर ओढायचं आणि मग दारोदार भाकर मागायची. वतनाची जमीन भावकीत वाटून वाटून अंगणाएवढी उरलेली. त्यात 1876 ते 1878 चा दुष्काळ. या भागात रेल्वे आजही नाही. पण माळशेज उतरला की कल्याण, आणि कल्याणला गाडी होती.

गिरणीतला पगार तुटपुंजा होता. पण तो नगद होता, आणि त्यासाठी कुणाच्या दारात जोहार घालावा लागत नव्हता. गावात हे पूर्वी कधी घडलं नव्हतं. महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कौन्सिलात बिल आणलं. वतन कायद्यानं गेलं ते 1958 च्या कायद्यानंतर. पण मुंबईहून मनिऑर्डर येऊ लागली, तेव्हाच कित्येक घरांनी गावकीला 'न्हाई' म्हणायला सुरुवात केली होती. कारखानदारीनं समाज बदलला तो इथं. हे आपण मोकळ्या मनानं मान्य करू.

पण गिरणीच्या दारातून माणूस आत गेला तशी जातही आत गेली. विणकाम खात्यात पगार जास्त, आणि तिथं महाराला मज्जाव. कारण काय? धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालताना सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावं लागे. एकाच्या तोंडचा धोटा दुसऱ्याच्या तोंडी जाई. महाराची थुंकी लागली तर बाकीचे बाटणार! म्हणून आपल्या माणसाला रिंग खात्यात सूत काढायला ठेवलं, कमी पगारावर. त्याच्या हातचं सूत सगळ्यांना चालत होतं.

हा नियम यंत्रानं केला नव्हता. माणूस भरायचा तो जॉबर. तो आपल्या गावचा, आपल्या जातीचा भरायचा. सवर्ण कामगाराला मागाजवळ महार नको होता. आणि कामगारांत फूट राहिली तर मालकाचं काय बिघडत होतं?

1928 साली सुमारे दीड लाख गिरणी कामगार सहा महिने संपावर होते. बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना बजावलं, की सगळी खाती अस्पृश्यांना खुली करा ही मागणी घाला, नाहीतर माझ्या माणसांना मी संपापासून दूर राहायला सांगेन. मागणी घातली गेली, पण कुरकुरत. मालकांनी उलट सुनावलं, की हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही. 1938 च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी हे सगळं मांडलं. रेल्वेत आपला माणूस गँगमन होतो, पोर्टर होत नाही, कारण पोर्टर स्टेशनमास्तरच्या घरी राबतो आणि तिथं शिवाशिव आडवी येते, हेही सांगितलं. कामगारांचे दोन शत्रू, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, असं त्यांनी तिथंच सांगितलं. त्याच वर्षी 7 नोव्हेंबरला काळ्या कामगार कायद्याविरुद्ध ते कम्युनिस्टांच्या बरोबरीनं संपात उतरले. याचा अर्थ एकजुटीला त्यांचा विरोध नव्हता. आपल्याला रिंग खात्यात ठेवून केलेली एकजूट त्यांना नको होती.

यंत्रालाही त्यांचा विरोध नव्हता. शेतीवरचा माणसांचा बोजा कारखानदारीनंच हलका होईल, हे त्यांनी 1918 सालीच लिहिलं होतं.

18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. त्यानंतर गिरणगाव उठलं ते उठलंच. आज आमच्या पारगावच्या शिवारात भीमाशंकर सहकारी साखर कारखान्याचं धुराडं आहे. यंत्र घाट चढून आमच्या दारात आलं, ही चांगली गोष्ट आहे. पण सहकारात ऊस-उत्पादक सभासद व्हायचं तर जमीन पाहिजे, जमिनीला पाणी पाहिजे. वतनाच्या तुकड्यावर ज्यांच्या पिढ्या गेल्या त्यांनी ते आणायचं कुठून? महाराष्ट्रभर साखर गळते ती कोयता हाती घेतलेल्या बिऱ्हाडांच्या जिवावर. ती बिऱ्हाडं कुठल्या वस्त्यांतून येतात, ते गाळपाच्या दिवसांत फडावर जाऊन बघा.

म्हणून कार्यकर्त्यांनो, साखर कारखाना असो की एमआयडीसी, आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक कारखान्याच्या दारात एक वही घेऊन जा. कायम कोण, कंत्राटी कोण, यंत्रावर कोण, झाडूवर कोण, माणूस भरणारा जॉबर आज कोणत्या नावानं वावरतो, हे लिहून काढा. युनियनच्या सभेत ती वही उघडा आणि पहिली मागणी 1928 चीच करा: सगळी खाती खुली!

जय भीम.