विजयदुर्गाचे ग्रहण आणि हेलियमची अंतिम वाटचाल

१८ ऑगस्ट १८६८ रोजी झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत भारतावरून गेला, आणि त्या काळी रत्नागिरी जिल्ह्यात असलेल्या, १९८१ पासून सिंधुदुर्ग जिल्ह्यात मोडणाऱ्या विजयदुर्गाशी हेलियमच्या शोधाची कथा पुढे कायमची जोडली गेली. किल्ल्यावरील चौथऱ्यांवरून नॉर्मन लॉकयर या इंग्रज शास्त्रज्ञाने ते ग्रहण पाहिले, असे कोकणात आजही सांगितले जाते. परंतु लॉकयर तेव्हा भारतात नव्हता. ग्रहणकाळातील वर्णपट गुंटूर येथे पिअर जान्सेन याने आणि जमखंडी येथे जॉन हर्शेल याने तपासला, तर लॉकयरने सौरज्वालांतील हेलियमची पिवळी रेषा २० ऑक्टोबर रोजी, ग्रहणावाचून, इंग्लंडमधूनच पाहिली. खरा इतिहास या आख्यायिकेहून अधिक मोलाचा आहे, कारण त्या रेषेचा माग पुढे थेट खडकाच्या अंतरंगात जातो.

१८९५ मध्ये विल्यम रॅम्झीला युरेनियमयुक्त खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेषा आढळली. सूर्यावरचे मूलद्रव्य खनिजात कसे आले, याचा उलगडा १९०८ मध्ये रदरफर्ड व रॉइड्स यांनी मँचेस्टर येथे केला. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही पातळ भिंतीच्या काचनळीत त्यांनी किरणोत्सारी वायू भरला. त्यातून सुटणारे अल्फा कण ती भिंत भेदून बाहेरच्या नळीच्या काचेत रुतले, आणि दोन दिवसांनी बाहेरच्या पोकळीत पिवळी रेषा अंधूकपणे उमटली. अल्फा कण हा हेलियमचा आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावल्यामुळे विद्युतभारित झालेला अणू, असतो हे त्यावरून निर्विवाद ठरले.

पदार्थातून जाताना हा आयन वाटेतील इलेक्ट्रॉनांना धक्के देत ऊर्जा गमावतो. वेग उतरू लागला की प्रत्येक इलेक्ट्रॉनाजवळ तो अधिक काळ राहतो व ऊर्जेचा ऱ्हास वाढतो. म्हणूनच ब्रॅग व क्लीमन यांना १९०४ च्या सुमारास, अ‍ॅडलेड येथे, मार्गाच्या शेवटाकडे आयनीभवन वाढलेले दिसले. वेग अणूतील इलेक्ट्रॉनांच्या वेगाच्या जवळपास उतरला म्हणजे मात्र आयन स्वतःच इलेक्ट्रॉन पकडू लागतो, त्याचा परिणामी विद्युतभार घटतो आणि हा ऱ्हास पुन्हा कमी होत वेगाच्या प्रमाणात राहतो. अगदी अखेरीस इलेक्ट्रॉनांऐवजी संपूर्ण अणूंशी होणाऱ्या टकरी निर्णायक ठरतात. नील्स बोर यांनी १९४८ मध्ये विस्ताराने मांडलेल्या या विषयाला लिंडहार्ड, शार्फ व शिऑट यांनी १९६३ मध्ये मंद आयनांसाठी एकसंध गणिती रूप दिले, आणि अर्धवाहकांत ठरावीक खोलीवर आयन रोवण्याचे तंत्र याच गणिताच्या आधारे वाढले.

कोकणच्या बेसाल्टात अत्यल्प का होईना, युरेनियम व थोरियम असतेच. त्यांच्या अणूंतून निघालेला अल्फा कण खडकात मिलिमीटरच्या सुमारे पन्नासाव्या भागाइतके अंतर कापून थांबतो आणि दोन इलेक्ट्रॉन घेऊन हेलियमचा अणू होतो. अल्फा कण सुटतो त्याच क्षणी मागे फेकला जाणारा जड अणू हा तर मंद आयनाचा अस्सल नमुना होय: त्याच्या वाट्याला अल्फा कणाच्या ऊर्जेचे जेमतेम दोन टक्के येतात, त्याचा प्रवास मिलिमीटरच्या दहा-हजारांश भागाहूनही कमी अंतरात संपतो, आणि तरीही ही ऊर्जा प्रामुख्याने थेट अणूंशी होणाऱ्या टकरींत खर्च होत असल्यामुळे स्फटिकातील जागेवरून हललेल्या अणूंची संख्या अल्फा कणाने हलवलेल्या अणूंपेक्षा कितीतरी पटींनी अधिक भरते.