वाहत्या पाण्यात फ्लाय फिशिंग: गळ लांब टाकूनही ट्राउट का फसत नाही?

हिमाचल प्रदेशातल्या तीर्थन नदीचं पाणी इतकं स्वच्छ असतं की तळाचे गोटे दिसतात. कधी ट्राउट मासाही दिसतो, पण समोर टाकलेल्या आमिषाकडे तो ढुंकूनही पाहत नाही. अशा वेळी नवशिक्यांना वाटतं, दोरी आणखी लांब फेकायला हवी. पण बहुतेकदा चूक फेकण्यात नसते, दोरी पाण्यावर पडल्यानंतर होते.

फ्लाय फिशिंग म्हणजे काय?

गळाला पिसं, लोकर आणि दोरा गुंडाळून किड्यासारखं आमिष बनवतात. त्याला 'फ्लाय' म्हणतात. फ्लायला जवळपास वजनच नसतं, त्यामुळे इथे दोरीच जाड आणि वजनदार असते. तिच्या टोकाला पातळ, सहज न दिसणारा धागा आणि त्याला फ्लाय. रॉड झटक्यात मागे न्यायचा, दोरी मागे सरळ होईपर्यंत क्षणभर थांबायचं आणि मग पुढे आणायचा. हे थांबणं चुकलं, तर दोरी चाबकासारखी कडाडते आणि फ्लाय तुटून जातो.

मासा फसत का नाही?

नदीचा वेग सगळीकडे सारखा नसतो. काठाजवळ किंवा दगडाआड पाणी संथ असतं, मधली धार जोरात असते. फ्लाय पलीकडच्या संथ पाण्यात पडला, तरी दोरी मधल्या धारेवर असते. धार दोरीला खाली ओढते, तिला बाक येतो आणि फ्लाय फरफटत जातो. याला 'ड्रॅग' म्हणतात. खरा किडा प्रवाहाबरोबर वाहतो, त्यामुळे अशी फरफट दिसताच ट्राउट सावध होतो.

मग करायचं काय?

• खालून वर टाका: ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून थांबतो. त्याच्या मागच्या बाजूला उभं राहिलं, तर तुम्ही त्याला सहज दिसत नाही. फ्लाय तुमच्याकडे वाहत येईल, तशी सैल दोरी हाताने ओढून घ्या.

• मेंडिंग: दोरी पाण्यावर पडताच, ड्रॅग सुरू होण्याआधी, रॉडच्या टोकाने तिचा मधला भाग उचलून वरच्या बाजूला टाका. फ्लाय मात्र हलू द्यायचा नाही. मधलं पाणी संथ आणि फ्लायजवळचं वेगवान असेल, तर हेच उलट, म्हणजे खालच्या बाजूला.

• रीच कास्ट: दोरी हवेत असतानाच रॉड वरच्या बाजूला झुकवा. दोरी तिरपी पडते आणि फ्लायला मोकळेपणाने वाहायला जास्त वेळ मिळतो.

• रोल कास्ट: मागे झाडं असतील, तर दोरी मागे न फेकता पाण्यावरूनच गोल उलगडत पुढे टाकतात.

पाण्यात उतरण्यापूर्वी

हिमाचलमध्ये ट्राउट पकडायला मत्स्य विभागाचा परवाना लागतो. 1 नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर प्रजनन काळामुळे बंदी असते. बर्फ वितळल्यावर किंवा वरच्या भागात पाऊस झाल्यावर नदी अचानक चढते. पाणी गढूळ होऊ लागलं, तर मासा समोर असला तरी आधी काठ गाठा.