चालत्या मोटारींतील टेलिफोन

धांवत्या मोटारींत बसून कोणाच्याहि घरच्या टेलिफोनवर बोलावें, ही सोय अमेरिकेंतील बेल कंपनीनें 17 जून 1946 रोजीं मिसुरी संस्थानांतील सेंट लुई शहरीं सुरू केली. पोलिसांच्या मोटारींना बिनतारी संदेश त्यापूर्वींहि मिळत. परंतु तेथें बोलणें आपल्याच ठाण्याशीं होई. सेंट लुईंत मोटार प्रथमच नगराच्या टेलिफोनशीं जोडली गेली.

ही जोडणी कशी होई तें पाहा. मोटारींत सुमारें 80 पौंड वजनाचें यंत्र बसवावें लागे. कानाशीं टेलिफोन धरून कळ दाबली कीं टेलिफोन कचेरींतील बाई उत्तर देई आणि मागितलेला नंबर जोडून देई. बोलतांना कळ दाबावयाची, ऐकतांना सोडावयाची. दोघांनीं एकदम बोलण्याची सोय नव्हती. 1948 पर्यंत शंभराच्या आसपास गांवीं आणि राजमार्गांवर ही सोय पसरली व ग्राहक सुमारें 5000 झाले.

एवढ्यावरच गाडें अडलें. कारण, एका शहरांत एका वेळीं तीनच संभाषणें चालूं शकत! शहराच्या मध्यभागीं उंच मनोऱ्यावरून जोरदार प्रक्षेपक बोले, आणि त्याचा आवाज दूरवर पोंचत असल्यामुळें तीच लहर आसपास दुसऱ्या कोणास वापरतां येत नसे. पुढें लहरी थोड्या वाढल्या. तरी 1976 सालीं न्यूयॉर्कसारख्या महानगरांत बेलचे असे ग्राहक अवघे 545 होते, आणि 3700 लोक वाट पाहत होते.

यावरचा उपाय मात्र फार आधीं सुचलेला होता. डिसेंबर 1947 मध्यें बेलच्याच प्रयोगशाळेंतील डी. एच. रिंग यांनीं एक टिपण लिहिलें. मधमाशांच्या पोळ्याप्रमाणें प्रदेशाचे षट्कोनी भाग पाडावे, प्रत्येक भागाला बेताच्या शक्तीचा प्रक्षेपक द्यावा, म्हणजे तीच लहर थोड्या अंतरावर पुन्हां वापरतां येईल, असा त्याचा आशय. पंगतींत एकानेंच ओरडून बोलावें तर बाकीच्यांना गप्प बसावें लागतें. जो तो शेजाऱ्याशीं हळू बोलेल, तर सर्वांचेंच बोलणें चालतें. तसेंच हें आहे.

परंतु मोटार एका घरांतून दुसऱ्या घरांत शिरतांच संभाषण न तुटतां पुढच्या मनोऱ्याकडे सोंपविणें, हें काम हातानें जोडणी करणाऱ्या बाईच्या आवांक्यांतलें नव्हतें. त्यासाठीं गणकयंत्रें हवीं होतीं आणि सरकारकडून अधिक लहरी मिळावयास हव्या होत्या. म्हणून ही योजना टोकियोंत 1979 सालीं, तर शिकागोंत 13 ऑक्टोबर 1983 रोजीं प्रत्यक्षांत आली. भारतांत अशा जाळ्यावरील पहिलें संभाषण 31 जुलै 1995 रोजीं कलकत्ता व दिल्ली यांमध्यें, ज्योति बसु आणि सुखराम यांचें झालें.

आज खिशांतला टेलिफोन वाजतो, त्याचें श्रेय आपण सहज त्याच्या सामर्थ्याला देतों. वस्तुतः ही सोय चार लोकांपासून कोट्यवधींपर्यंत पोंचली ती आवाज वाढवून नव्हे, तर आवरून. आकाश सर्वांचें आहे. तें पुरवून वापरण्याची युक्ति तेवढी शोधावी लागली.