कधीही बंद न पडणारी जीप : एका दंतकथेचा माग

माझे मामा एका सरकारी खात्यात जीपचे ड्रायव्हर होते. सुट्टीत त्यांच्याकडे गेलो, की पारावर एक वाक्य हटकून कानी पडे : 'मोटारी बंद पडतात, जीप कधी बंद पडत नाही.' मामा यावर काहीच बोलत नसत. ते गेल्यानंतर त्यांच्या ट्रंकेत एक वही सापडली. तिच्यात तारीखवार नोंदी होत्या : ग्रीस मारले, ऑइल बदलले, पाटे आवळले, क्लचप्लेट नवी घातली. एका पावसाळ्याने तर दोन पाने भरली होती. पारावरचे वाक्य आणि ही वही यांचा मेळ बसेना, म्हणून मी जीपच्या इतिहासाकडे वळलो.

जुलै 1940 मध्ये अमेरिकी लष्कराने 135 कंपन्यांकडून हलक्या, चारही चाकांना गती देणाऱ्या गाडीसाठी निविदा मागवल्या. नमुना 49 दिवसांत हवा होता आणि वजन 1300 पौंडांच्या, म्हणजे सुमारे 590 किलोंच्या आत. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने आखलेली बँटम कंपनीची गाडी 23 सप्टेंबरला मेरीलँडमधील होलाबर्ड येथे वेळेत पोहोचली. वजन मात्र 800 किलोंच्या वर गेले होते. मुद्दाम खडतर वाटांवर पिटाळून तिचे भाग कुठे मोडतात, हे तपासले गेले. म्हणजे जीपच्या चरित्रातला पहिलाच अध्याय मोडतोडीचा आहे. त्या मोडतोडीतूनच पुढचे आराखडे सुधारले. मोठे कंत्राट विलीज-ओव्हरलँडला मिळाले, त्याच आराखड्यावर फोर्डनेही गाड्या बनवल्या आणि युद्ध संपेपर्यंत दोघांच्या मिळून सुमारे 6 लाख 40 हजार जीपगाड्या तयार झाल्या.

एवढ्या मोठ्या संख्येभोवती कथा जमणारच. 'जनरल पर्पज'च्या आद्याक्षरांवरून 'जीप' हे नाव पडले, ही त्यातली सर्वांत लाडकी. पण फोर्डच्या 'जीपीडब्ल्यू' या खुणेत 'जी' म्हणजे सरकारी कंत्राट, 'पी' म्हणजे 80 इंची चाकांतर आणि 'डब्ल्यू' म्हणजे विलीजचा आराखडा. शिवाय 1936 पासून पॉपायच्या चित्रमालिकेत 'युजीन द जीप' नावाचा अद्भुत प्राणी वावरत होता. युद्धानंतर पेटीत बंद असलेली कोरी जीप 50 डॉलरांत मिळते, अशी वदंताही पसरली. जाहिराती छापून येत त्या खऱ्या. पण पैसे पाठवणाऱ्याच्या हाती पडे ती सरकारी शिल्लक मालाची खरेदी कशी करावी हे सांगणारी पुस्तिका.

आपल्याकडे टिकलेली समजूत वेगळी : 'फोर व्हील टाकली की गाडी अडकत नाही.' साध्या डिफरन्शियलचा स्वभाव असा, की एक चाक चिखलात मोकळे फिरू लागले, तर त्याच्या जोडीचे चाकही जोर गमावते. पुढचे एक आणि मागचे एक चाक असे घसरले, की चारही चाकांना गती असलेली जीप जागच्या जागी उभी राहते. कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर व्हील टाकून वळणे घेतली, तर पुढची चाके मागच्यांपेक्षा अधिक अंतर कापतात. तो फरक सामावून घ्यायला मध्ये डिफरन्शियल नसते आणि सगळा ताण गियर, शाफ्ट व टायरांवर येतो. ब्रेकचे म्हणाल, तर ते प्रत्येक मोटारीत चारही चाकांना असतातच.

मग जीपची ख्याती खोटीच का? तसे नाही. तिचे उत्तर मला 1944 च्या लष्करी पुस्तिकेत, 'टीएम 9-803' मध्ये मिळाले. निघण्यापूर्वी, वाटेत, थांब्यावर आणि परतल्यावर ड्रायव्हरने काय पाहायचे, हे तीत क्रमाने दिले आहे. दर 1000 व 6000 मैलांना करायची मोठी तपासणी वेगळी. विलीज आणि फोर्ड यांचे भाग एकमेकांना बसत. म्हणजे विश्वास ठेवण्याजोगी नुसती गाडी नव्हती. ती सांभाळण्याची सगळी व्यवस्था होती.

भारतात हीच गोष्ट वेगळ्या रूपात घडली. 1945 मध्ये महिंद्र अँड महंमद म्हणून सुरू झालेली कंपनी 1948 मध्ये महिंद्र अँड महिंद्र झाली आणि त्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलीजच्या सुट्या भागांतून जीप जोडली जाऊ लागली. पुढे त्याच घराण्यातील आराखडे अनेक दशके चालू राहिले. त्यामुळे तालुक्याच्या गावीही भाग मिळत आणि ते बसवू शकणारा मिस्त्रीही. जीप बंद पडे. पण बहुधा तिथेच दुरुस्त होई, आणि संध्याकाळपर्यंत गावाला तिचे बंद पडणे आठवतही नसे. ज्यांची निगा राखली गेली, त्याच गाड्या आज आपल्यासमोर आहेत. ज्या भंगारात गेल्या, त्या साक्ष द्यायला येत नाहीत.

पारावरच्या त्या वाक्यात एक अन्याय आहे, असे आता मला वाटते. लोखंडाला अमरत्व देताना आपण पहाटे बॉनेट उघडणारा माणूस वगळला. आमच्या घरीही मामांची ओळख 'ड्रायव्हर' एवढीच राहिली. कौतुक जीपचे झाले. वहीच्या शेवटच्या पानावर निवृत्तीच्या आदल्या दिवशीची नोंद आहे : 'चारही चाकांची हवा पाहिली. पाणी भरले. किल्ली दिली.'