रहस्यपटाचे भित्तिपत्रक : ‘व्हर्टिगो’

चित्रपटाचे स्वरूप सूचित करून प्रेक्षकाला चित्रपटगृहाकडे आकृष्ट करणे, हे चित्रपटाच्या भित्तिपत्रकाचे मुख्य कार्य होय. रहस्यपटाच्या भित्तिपत्रकापुढे मात्र एक विशेष अडचण असते : उत्कंठा तर निर्माण करावयाची, पण रहस्य फोडावयाचे नाही. ही अडचण केवळ रंग व आकार यांच्या साहाय्याने सोडविणारे एक उत्कृष्ट उदाहरण म्हणजे ॲल्फ्रेड हिचकॉक यांच्या व्हर्टिगो (१९५८) या चित्रपटाचे भित्तिपत्रक. ते अमेरिकन अभिकल्पकार सॉल बॅस (८ मे १९२०–२५ एप्रिल १९९६) यांनी तयार केले.

हॉलिवुडमधील तत्कालीन प्रथेनुसार भित्तिपत्रकांवर नटनट्यांचे चेहरे, आलिंगने, पिस्तुले इत्यादींची दाटी असे. नटांची लोकप्रियता हेच निर्मात्यांचे भांडवल असल्याने व्यापारी दृष्ट्या ही प्रथा स्वाभाविक होती. बॅस यांनी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन कॉलेजात हंगेरियन कलावंत ग्यॉर्ग केपेश यांच्याकडे आधुनिक अभिकल्पाचे शिक्षण घेतले होते. ऑटो प्रेमिंजर यांच्या द मॅन विथ द गोल्डन आर्म (१९५५) या व्यसनाधीनतेवरील चित्रपटाच्या जाहिरातीत त्यांनी वेड्यावाकड्या हाताची आकृती हेच मुख्य प्रतीक म्हणून योजिले व रूढ प्रथेला छेद दिला.

व्हर्टिगोचे कथानक प्येर ब्वालो व तॉमा नार्सझाक यांच्या १९५४ च्या फ्रेंच कादंबरीवर आधारलेले आहे. उंचीच्या भयामुळे पोलिसांतील नोकरी सोडलेला एक गुप्तचर सॅन फ्रॅन्सिस्कोमध्ये एका स्त्रीवर पाळत ठेवतो, तिच्या प्रेमात पडतो आणि तिच्या मृत्यूनंतर दुसऱ्या एका स्त्रीला तिचेच रूप देण्याचा ध्यास घेतो. भित्तिपत्रकात यांपैकी एकही प्रसंग नाही. जेम्स स्ट्यूअर्ट व किम नोव्हाक यांची नावे आहेत, चेहरे मात्र नाहीत. सपाट नारिंगी-तांबड्या पार्श्वभूमीवर बारीक पांढऱ्या रेषांचे सर्पिल असून त्यात दोन मानवाकृती सापडल्या आहेत. अक्षरे कात्रीने कापल्यासारखी, ओबडधोबड आहेत.

या रचनेत क्षितिज, जमीन वा छायाप्रकाश नाही. त्यामुळे पाहणाऱ्याच्या दृष्टीला कोठेच आधार मिळत नाही. खोलीचा भास एकट्या सर्पिलामुळे होतो व नजर आपोआप आत ओढली जाते. भोवळ येण्याचे चित्र न काढता भोवळीचा अनुभवच येथे दिला आहे. या रेषा फ्रेंच भौतिकीविज्ञ लिसाजू यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वक्रांशी नाते सांगतात. चित्रपटाच्या आरंभीच्या, जॉन व्हिटनी यांच्या साहाय्याने केलेल्या शीर्षकदृश्यांतही अशीच सर्पिले फिरतात. पुढे नायिकेच्या अंबाड्यात आणि घंटाघराच्या जिन्यात तोच आकार पुन्हा भेटतो.

दोन आकृतींमधील भेद सर्वांत अर्थपूर्ण आहे. तोल गेलेला पुरुष भरीव काळ्या छायाकृतीने दाखविला आहे; स्त्री मात्र निव्वळ बाह्यरेषेची असून आतून पोकळ आहे. नायक जिच्यावर प्रेम करतो ती स्त्री वस्तुतः एका कटासाठी वठविलेली भूमिका होती, हे चित्रपटात उलगडते. म्हणजेच रहस्य भित्तिपत्रकावर उघडपणे मांडलेले आहे. पण चित्रपट पाहण्यापूर्वी ते वाचता येत नाही आणि पाहिल्यानंतर नजरेआड करता येत नाही.

प्रदर्शनाच्या वेळी चित्रपटाचे स्वागत संमिश्र झाले. पुढे त्याची प्रतिष्ठा वाढत गेली व २०१२ मध्ये साइट अँड साउंड या ब्रिटिश नियतकालिकाच्या समीक्षक-कौलात त्याला प्रथम स्थान मिळाले. बॅस यांच्या सपाट रंगांचे व छायाकृतींचे पुढे पुष्कळ अनुकरण झाले. तथापि जेथे आकार कथेच्या अंतरंगातून आलेला नसतो, तेथे ही शैली केवळ सजावट ठरते. व्हर्टिगोच्या भित्तिपत्रकाचे महत्त्व त्याच्या साधेपणापेक्षा आकार व आशय यांच्या या एकरूपतेत आहे.